ज्याचे रान त्याला



गेल्या जानेवारीत आपल्या कार्यक्षेत्रातील पन्हाळ्याच्या पायथ्याकडच्या एका गटात ऊसतोड चालू असताना टोळीतल्या एका बाईच्या कोयत्यापुढे बिबट्याचे तीन बछडे निघाले, ही बातमी आपणा बहुतेकांच्या कानावर आलीच असेल. मांजराच्या पिलाएवढे बछडे, पाचटात एकमेकांना चिकटून पडलेले. बाईने किंकाळी फोडली, टोळीने कोयते टाकले आणि गाडीवानांनी बैल सोडून थेट रस्ता गाठला. वनखात्याची माणसे आली. त्यांनी बछडे एका क्रेटात घालून संध्याकाळी होते त्याच सरीत ठेवले, आणि सगळ्यांना लांब जायला सांगितले. रात्रीत मादीने येऊन तिन्ही पिले एकेक करून उचलून नेली. तोड तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली, पण त्या फडात पहिले दोन तास कुणाचा हात उचलत नव्हता.

त्या आठवड्यात काट्यावर, गटऑफिसात, चहाच्या टपरीवर एकच विषय होता आणि सगळ्यांचा उपायही एकच होता. "उचला आणि नेऊन सोडा अभयारण्यात!" आम्हीही तेच म्हणत होतो. तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते विडी विझवून म्हणाले, "आरं, अभयारण्य अभयारण्य म्हणताय, पन तुमच्यापैकी कुनी बघितलंय का त्ये? का नुसतंच तोंडानं सोडायचं?"

कुणी उत्तर दिले नाही. आपण पंढरपूर पाहिले, तिरुपती पाहिले, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पाहिली, पण अडीच-तीन तासांवरचे दाजीपूर आमच्यापैकी कुणीच पाहिलेले नव्हते. म्हणून हंगाम आटोपून पट्टा पडल्यावर मार्चमध्ये आम्ही पाच जण निघालो. संपादक मंडळातले दोघे, आबा, कृषी पदविका झालेला एक तरुण सभासद आणि आपल्या एक महिला सभासद, ज्यांना आम्ही वहिनी म्हणतो. खर्च आपापला केला, कारखान्याचे एक रुपयाचे डिझेलही वापरले नाही, हे आधीच सांगून टाकतो. दोन फेऱ्यांत आम्ही चार ठिकाणे पाहिली. काय पाहिले आणि त्याचा आपल्या उसाशी काय संबंध, ते या लेखात सांगायचे आहे.

दाजीपूर : बंधाऱ्यात अडते ते पाणी

पहिली फेरी पश्चिमेला केली. राधानगरी मागे टाकून फोंड्याच्या रस्त्याला लागलो तशी हवा बदलली. वाटेत भोगावतीवरचे राधानगरी धरण लागते. राजर्षी शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेले हे काम. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आपण पावसाळ्यात बातम्यांत पाहतोच. धरणाच्या वर जे डोंगर आणि जंगल आहे ते पूर्वी संस्थानचे शिकारीचे रान होते. १९५८ साली तेथे गव्यांसाठी राज्यातील पहिले अभयारण्य झाले आणि १९८५ साली ते वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य करण्यात आले. २०१२ मध्ये पश्चिम घाटाची काही ठिकाणे जागतिक वारसा म्हणून मान्य झाली, त्यांत राधानगरीही आहे.

परवानगी काढून आणि गावातला माहितगार वाटाड्या घेऊन पहाटे आत शिरलो. अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, मध्येच आंबा-फणस अशी गच्च झाडी होती. मार्च असूनही पायाखालचा पाला ओलसर होता. वरती फांद्यांतून काहीतरी लालसर धावले. वाटाड्या म्हणाला, "शेकरू." म्हणजे आपल्या राज्याचा राज्यप्राणी, झुबकेदार शेपटीची मोठी खार. जिला उतरण्याची गरजच पडत नाही, तिला सलग झाडी लागते. मध्ये चार झाडे तोडली तरी तिचा रस्ता तुटतो.

झाडी संपून सडा लागला. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. त्याच्या कडेला पाणवठ्यावर आम्ही गवे पाहिले. नऊ होते, त्यांत दोन वासरे. काळाभोर रंग, खांद्यावर उंचवटा आणि गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो. आबांनी आयुष्यभर बैल राखले आहेत. ते बराच वेळ गप्प बसून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "ही म्हस न्हवं. गाईचीच जात हाय. खांदा बघ की, जू ठेवावं असा." आबांचे बरोबरच आहे. आपण त्याला बायसन म्हणतो, पण गवा हा रानगुरांपैकी आहे.

आमच्या तरुण सोबत्याने विचारले, "मग हे आमच्या उसात का येतात?" वाटाड्या हसला. "रानातलं गवत वाळलं, पाणवठं आटलं, त्यात कुणी वणवा लावला, की त्यांनी जायाचं कुठं? आनि खाली तुमचा ऊस बारा महिने हिरवागार. तुमी असता तर काय केलं असतं?"

आम्हाला दाजीपूरचे मोल गव्यापेक्षाही पायाखालच्या पाल्याने पटवले. या डोंगरमाथ्यावर पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. उघड्या डोंगरावर तो कोसळला तर माती घेऊन चार दिवसांत निघून जाईल. येथे पानांचा थर तो झेलतो, मातीत मुरवतो आणि मग झऱ्यांनी महिनोन् महिने थोडा थोडा सोडतो. आपण खोडव्यात पाचट न जाळता सरीत ठेवतो ते कशासाठी? ओल टिकावी म्हणूनच ना! जंगल हेच काम डोंगरभर करते. येथल्या भोगावतीला पुढे तुळशी, कुंभी, कासारी मिळतात, पंचगंगा होते आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत फळ्या टाकून आपण जे पाणी अडवतो, त्यात या पाल्यातून झिरपलेले पाणी असते. शेवाळल्या दगडातून बोटाएवढी धार येत होती. तिच्याखाली वहिनींनी ओंजळ धरली आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्या मोटारीचा फुटबॉल इथंच बुडालेला आहे म्हणा की!"

सागरेश्वर : उघड्या डोंगराचे रान

दुसरी फेरी पूर्वेला होती. पहिला मुक्काम सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरला केला. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तालुक्यांच्या शिवेवरचा हा डोंगर. पायथ्याला सागरेश्वराची जुनी देवळे आहेत आणि जवळच यशवंतराव चव्हाण साहेबांचे जन्मगाव देवराष्ट्रे आहे. त्यांचेच नाव या अभयारण्याला दिले आहे. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. दाजीपूरच्या मानाने ही वाफ्याएवढी जागा.

पण दाजीपूर निसर्गाने दिले, सागरेश्वर माणसाने घडवले. चराई आणि तोडीने बोडका झालेला हा डोंगर पुन्हा हिरवा करायचा ध्यास धों. म. मोहिते यांनी घेतला. त्यांच्या पाठपुराव्याने आणि वनखात्याच्या कामाने येथे झाडे वाढली, कुंपण झाले, हरणे आणून सोडली गेली आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झाले. आज येथे सांबर, चितळ आणि काळवीट आहेत. मानवनिर्मित अभयारण्य अशीच याची ओळख सांगितली जाते.

माथ्यावर जाऊन आम्ही खाली पाहिले. मध्ये कृष्णा, आणि दोन्ही काठांनी नजर पोचेल तेथवर ऊसच ऊस. त्या हिरव्या पटात हा डोंगर एकटाच बेटासारखा उभा आहे. बेट म्हटले की त्याच्या अडचणीही आल्या. हरणांची संख्या वाढते, उन्हाळ्यात चारा-पाणी कमी पडते, आणि कुंपण जेथे मोडले असेल तेथून ती खाली उतरतात. पायथ्याच्या एका शेतकऱ्याने आम्हाला चहा पाजला आणि उसाचे शेंडे खुडलेली सरी दाखवली. म्हणाला, "हरीण बघायला तुमी येताय, फोटू काढताय, बरं वाटतं. पन त्याचं जेवनाचं बिल माझ्या नावावर हाय. भरपाईसाठी हेलपाटं मारून चपला झिजल्या."

त्याच्या बोलण्यात राग होता, पण डोंगर नको असे तो म्हणाला नाही. उलट डोंगर हिरवा झाल्यापासून आपल्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात पूर्वीपेक्षा जास्त दिवस टिकते, असे त्यानेच सांगितले. फायदा सगळ्या पंचक्रोशीचा आणि तोटा कुंपणालगतच्या चार शेतकऱ्यांचा, हे मात्र न्यायाचे नव्हे. लिफ्टच्या स्कीममध्ये टेलच्या सभासदाला पाणी पोचले नाही तर आपण सर्वसाधारण सभेत उभे राहतो की नाही? अभयारण्याच्या टेलचा हा शेतकरीही तसाच आहे.

नान्नज : ज्याला आपण पडीक म्हणतो

पंढरपुरात विठोबाचे दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी सोलापूरजवळच्या नान्नजला गेलो. खरे सांगायचे तर येथे पोचल्यावर आमची निराशा झाली. समोर उघडा माळ होता. गुडघाभर वाळलेले पिवळे गवत, मुरमाड जमीन, मधूनच एखादे बोरीचे झुडूप. आबा म्हणाले, "हे अभयारण्य? असला माळ तर माझ्या मालकीचा दोन एकर हाय की!"

आणि वहिनींनी वनरक्षकाला सरळच विचारले, "काल सागरेश्वरला झाडं लावली म्हणून आम्ही वाहवा केली. तुम्ही इथं इतकी वर्षं झाडं का लावली नाहीत?"

वनरक्षक म्हणाला, "बाई, इथं झाड लावू नका हे लोकांना पटवण्यात आमची निम्मी नोकरी गेली."

मग त्याने समजावून सांगितले. माळढोक हा पक्षी या माळाचा. उंचीला मीटरभर, नर पंधरा किलोपर्यंत वजनाचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. तो झाडावर बसत नाही. मादी घरटेसुद्धा बांधत नाही, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. तिचे संरक्षण म्हणजे तिची नजर. कोल्हा, कुत्रा लांबून दिसला पाहिजे. तेथे आपण पुण्य म्हणून दाट झाडी लावली की तिची नजर अडते आणि शत्रूला दडायला जागा होते. म्हणजे दाजीपूरला जे झाड जीव वाचवते, तेच नान्नजला जीव घेऊ शकते.

हे ऐकल्यावर आम्ही पुन्हा माळाकडे पाहिले. आता तो रिकामा वाटेना. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते वनरक्षकाने ओळखून दाखवली. गवतातून चंडोल उठत होते. लांबवर काळवीटांचा कळप उभा होता. नर काळा-पांढरा, पिळाची शिंगे मागे टाकलेला, आणि माद्या गवताच्याच रंगाच्या. आमची चाहूल लागताच सगळा कळप उड्या मारत असा पळाला की वाटावे, खाली जमीन नाहीच. असा पळायला मोकळे रान लागते, झाडीत काळवीट शिंगे अडकवून घेईल. लांडग्याची ओल्या मातीतली पावले पाहिली. भोवत्या नावाचे शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियातून येतात, या गवतात रात्री जमिनीवर झोपतात आणि दिवसा नाकतोडे खातात. त्यांतले परतीच्या वाटेवरचे दोन गवतावरून तरंगत जाताना दिसले. फवारणीचा खर्च न मागणारे हे मजूर आपल्या पिकांवरही काम करून जातात.

माळढोक मात्र दिसला नाही. सत्तरच्या दशकात तो येथे आहे हे लोकांच्या ध्यानात आले आणि १९७९ साली सोलापूर-नगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. या आकड्यात माळ होता तशीच शेती, गावे आणि तालुक्याची ठिकाणेही आली. साध्या खरेदीखताला, बांधकामाला अडचणी आल्या. माणसे पक्ष्यावर चिडली. पक्ष्याने कधी कुणाचे कणीस मोडले नव्हते, पण कागदाने त्याला वैरी केले. पुढे हे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले, तोवर बराच उशीर झाला होता. आज देशभर मिळून माळढोक दीडशेच्या आसपास राहिले असावेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. २०१९ पासून तेथे जैसलमेरकडे अंडी उबवून पिले वाढवण्याचे काम चालू आहे. नान्नजला अलीकडच्या वर्षांत तो दिसणे हीच बातमी होते.

कारणे अनेक आहेत. उनाड कुत्री, विजेच्या तारा (जड पक्षी, समोरची तार वेळेवर दिसत नाही आणि दिसली तरी वळता येत नाही), जुन्या काळातली शिकार, चुकीच्या जागी केलेली झाडलागण. पण एक कारण आम्हाला आमच्या नावासकट ऐकावे लागले. मालदांडी ज्वारी, करडई, हरभरा, भुईमूग या जिरायती पिकांशी माळढोकाचे जमत होते. तो त्यांत चरायचा, किडे वेचायचा. कालवे आले, बोअर झाले, माळ सपाट झाले आणि ऊस उभा राहिला. दहा फूट उंचीच्या उसात माळढोकाला ना दिसते, ना चालता येते.

यात उसाचा दोष नाही आणि दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याने पाणी घेतले यात त्याचाही नाही. त्याच्या मुलाबाळांचे शिक्षण त्या उसाने केले, तसे आपल्याही केले. पण 'पडीक' हा शब्द आपण फार सैल वापरतो. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिले म्हणून जमीन रिकामी होत नाही. तेथे कुणीतरी राहत असते. त्याचे नाव फक्त इतर हक्कांच्या रकान्यात नसते, एवढेच.

भिगवण : धरणाच्या फुगवट्यावर

परतताना वाट वाकडी करून उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला गेलो. येथे आम्हाला अभयारण्याची पाटी दिसली नाही, पण कुंभारगावच्या मच्छीमारांच्या होड्या तयार होत्या. मासेमारीच्या जोडीने पाहुण्यांना पक्षी दाखवणे हा आता त्यांचा जोडधंदा झाला आहे.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. गावे बुडाली, जमिनी बुडाल्या. पाणी फार खाली गेले की पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे देऊळ वर येते आणि म्हातारी माणसे ते पाहायला जातात. याच पाण्यावर सोलापूर जिल्ह्याचा ऊस आणि कारखाने उभे राहिले. आणि याच पाण्याच्या उथळ काठांवर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हिवाळ्यात हजारोंनी उतरू लागले.

होडीतून शंभर पावलांवर आम्ही ते पाहिले. काठीसारखे पाय आणि लांब मान. चोच पाण्यात चक्क उलटी धरून तो चिखल गाळतो आणि त्यातले शेवाळ, बारीक जीव खातो. त्याचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. खोल पाणी त्याच्या कामाचे नाही, पूर्ण कोरडेही नाही. कालव्याला पाणी सुटते, फुगवटा मागे सरतो, चिखलाचे काठ उघडे पडतात आणि त्याचे ताट वाढले जाते. म्हणजे आपण उसाला पाणी घेतो तेव्हा नकळत त्याची पंगतही बसते. नाशिक जिल्ह्यात गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याची गोष्ट अशीच आहे. इंग्रजी अमदानीत कालव्यासाठी बांधलेला बंधारा गाळाने भरत गेला, त्या दलदलीत पक्षी आले, १९८६ साली अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली.

पण होडीवाल्याने वल्हे पाण्यात फिरवून वर काढले आणि आम्हाला त्याला चिकटलेला हिरवा लगदा दाखवला. नदीकाठच्या शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी शेवटी येथे येऊन साचते. "तुमी कारखान्याची मानसं ना?" त्याने विचारले. आम्ही मान हलवली. आपला कारखाना त्या नदीवर नाही, हे सांगायला तोंड उघडले, पण मग पंचगंगेवर मासे मेल्याच्या बातम्या आठवल्या आणि तोंड मिटले. मळीचे पाणी नदीत जाता कामा नये, हे आपण सर्वसाधारण सभेत जितक्या जोराने विचारू तितके थोडे आहे.

मग बिबट्याचे घर कोणते?

गाडीत परतताना आबांचाच प्रश्न पुन्हा निघाला. आता सांगा, ती मादी आणि तिची तीन पिले कुठे सोडायची? नान्नजच्या माळावर? तेथे त्याला दडायला जागा नाही. सागरेश्वरच्या दहा किलोमीटरच्या कुंपणात? दाजीपूरला? तेथे आधीचे बिबटे आहेतच, ते नव्याला राहू देणार नाहीत.

हा प्रयोग जुन्नर भागात झालेला आहे. २००१ च्या सुमारास तेथे हल्ले वाढले तेव्हा पिंजरे लावून अनेक बिबटे पकडले आणि लांबच्या जंगलात सोडले. त्याने प्रश्न मिटला नाही. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, परतायला बघते, नव्या गावांत शिरते, आणि इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरे येऊन बसते. नंतर अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपोआप फोटो काढणारे कॅमेरे शेतात लावून अभ्यास केला. तेव्हा दिसले की दाट वस्तीच्या ऊसपट्ट्यात बिबटे वाट चुकून आलेले नाहीत, ते तेथेच राहतात, पिले वाढवतात, आणि त्यांच्या खाण्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा आहे.

लपायला उंच गर्द पीक, प्यायला पाटाचे पाणी, खायला कुत्री-डुकरे. बिबट्याला आणखी काय लागते? आडसाली ऊस तर पंधरा-सोळा महिने उभा असतो. त्या फडात जन्मलेल्या पिलाने जंगल पाहिलेलेच नाही. त्याचे जंगल म्हणजे आपला ऊस. आपण दोनशे मैलांत अभयारण्ये शोधत हिंडलो आणि एक अभयारण्य आपणच लागण करून, खत घालून उभे केले आहे, त्याला फक्त पाटी लावलेली नाही.

हे ऐकायला गमतीचे वाटेल, पण गंमत नाही. २०२५ साली शिरूर-आंबेगावच्या पट्ट्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यांत लहान मुले होती. ज्यांच्या घरातले मूल गेले त्यांना निसर्गाचा समतोल सांगायला आम्ही जाणार नाही. माणसावर येणारे जनावर पकडलेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण दिसला बिबट्या की उचला, याने आपली मुले सुरक्षित होत नाहीत. ती होतील आपल्या काळजीने. म्हणून आमच्या अनुभवातून आणि वनखात्याच्या माणसांशी बोलून काही गोष्टी येथे मांडतो.

पहिला धोका आपल्यापेक्षा ऊसतोड मजुरांना आहे. त्यांच्या कोप्या फडाशेजारी असतात आणि लेकरे बांधावर झोपवलेली असतात. ज्या सभासदाचा फड तुटतो आहे त्याने मुलांना बसायला सुरक्षित जागा, रात्री उजेड आणि शौचाला आडोशाची सोय करून दिली पाहिजे. तोड एका बाजूने सुरू करावी, चारी बाजूंनी कोंडून आत घुसू नये, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते. बछडे सापडले तर उचलू नयेत, फोटोसाठी गर्दी करू नये. तोड थांबवून वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. मादी जवळच असते, आणि पिले हलवली तर तीच सर्वांत जास्त बिथरते. गोठा बंदिस्त असावा, मेलेली कोंबडी आणि जनावर उघड्यावर टाकू नये, त्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. रात्रीच्या विजेवर पाणी पाजायला एकट्याने जाऊ नये. शेतीला दिवसा वीज मिळावी ही आपली मागणी जुनीच आहे, आता तिला हेही एक कारण जोडावे. जनावर मारले गेले तर पंचनामा होईपर्यंत जागचे हलवू नये आणि लगेच कळवावे, नाहीतर भरपाईला अडचण येते.

शेवटी

चार ठिकाणे पाहून आम्ही शहाणे झालो असे नाही. पण एक गोष्ट डोक्यात बसली. रान म्हणजे नुसती झाडी नव्हे. गव्याला ओला डोंगर, माळढोकाला उघडा माळ, रोहितला चिखल. ज्याचे रान त्याला. एकाचे घर मोडून त्याला दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवता येत नाही, मग ते आपण कितीही चांगल्या मनाने करो.

पुढच्या हिवाळ्यात सभासदांची एक सहल काढावी असे आम्ही मा. चेअरमन साहेबांना सुचवणार आहोत. शाळकरी मुलांना जरूर आणावे. दोन सूचना मात्र आत्ताच करतो. जेवणाचा कचरा परत आणायचा, आणि गाणी लावायची नाहीत. आम्ही गेलो त्या दिवशी दाजीपूरला एका गाडीने मोठ्याने गाणी लावली आणि नऊच्या नऊ गवे झाडीत निघून गेले. आमच्यानंतर आलेल्यांना नुसता पाणवठा दिसला.

राहता राहिला आबांचा दोन एकर माळ. यंदा तो सपाट करून लिफ्टचे पाणी चढवायचे आणि सुरू लागण करायची, असे ठरले होते. जेसीबीवाल्याला विसारही दिला होता. भिगवणहून निघाल्यावर टेंभुर्णीच्या पुढे आबांनी नातवाचा फोन मागून घेतला आणि जेसीबीवाल्याला म्हणाले, "यंदा थांब." कायमचे की एका वर्षापुरते, ते त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. दोन एकर उसाचे पैसे म्हणजे काय, ते आपण सगळे जाणतोच.